मुलगी इंग्रजी शिकवायला परदेशी जाते म्हणाली, तर गटाने काय करायचं?

(घिवली येथे गटांच्या सभेत केलेले भाषण. ज्यांना त्या दिवशी येता आलं नाही, त्या तायांसाठी इथे देत आहे.)



आजचा विषय ऐकून कोणी म्हणेल, घिवलीत बसून परदेशाच्या गप्पा कशाला? पण मागच्या काही महिन्यांत दोन-तीन गटांत एकच मागणी आली आहे. मुलगी बी.ए. झाली आहे, इंग्रजी बरं आहे, परदेशात इंग्रजी शिकवायची नोकरी मिळते म्हणतात, त्यासाठी गटातून कर्ज हवं. कोणाला एजंटने दीड लाख सांगितले, कोणाला अडीच. अध्यक्ष-सचिव ताई मला विचारतात, "मॅडम, द्यायचं का?"

"द्या" किंवा "देऊ नका" असं एका शब्दात सांगता येत नाही. कारण ही नोकरी खरी आहे, आणि तिच्या नावावर चालणारी फसवणूकही खरी आहे. दोन्हींत फरक कसा करायचा, ते आज बघू.

आपल्यातली बाई आधी गेली आहे

मराठी बाईने परदेशात जाऊन शिकवलं, ही गोष्ट नवी नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या तेव्हा त्या २५ वर्षांच्या होत्या. नवरा वारलेला, कडेवर लहान मुलगी मनोरमा. प्रवासाचा खर्च त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' या स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीतून उभा केला. इंग्रजी अजून पक्कं नव्हतं. मग वाँटेज गावच्या आश्रमात त्यांनी भारतात येणार असलेल्या सिस्टरांना मराठी शिकवलं आणि स्वतः इंग्रजी शिकल्या. पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकता शिकता त्या संस्कृत शिकवत होत्या.

यातून दोन गोष्टी घ्या. आपल्याकडे जे आहे ते शिकवून त्यांनी सुरुवात केली. आणि जाण्याचे पैसे उसनवारीतून नाही, स्वतःच्या कामातून आले.

दार कुठे उघडं आहे, कुठे नाही

एजंट म्हणतो, "सगळीकडे इंग्रजी टीचर पाहिजेत." पाहिजेत हे खरं, पण प्रत्येक देशाची अट वेगळी आहे आणि काही ठिकाणी ती पासपोर्टवरच अडते. दक्षिण कोरियाचं बघा. तिथे इंग्रजी शिकवण्याचा नेहमीचा व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या ७ देशांच्या लोकांसाठी आहे. भारत आणि कोरियातला व्यापार करार २०१० पासून लागू झाला, त्यात भारतीय शिक्षकांसाठी वाट ठेवली आहे. पण त्यालाही शिक्षकाची पात्रता लागते. नुसत्या बी.ए.वर "कोरियात लावून देतो" म्हणणाऱ्याला हे विचारा.

आपल्या मुलींना जवळची दारं तीन.

पहिलं दार आखाती देशांतल्या भारतीय शाळांचं. दुबई, मस्कत, दोहा, कुवेत इथे सीबीएसईच्या शाळा आहेत. त्यांना इंग्रजी विषयाची पदवी, बी.एड. आणि बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांचा अनुभव लागतो.

दुसरं मालदीवचं. तिथल्या बेटांवरच्या शाळांत भारतीय शिक्षक अनेक वर्षांपासून काम करत आले आहेत. चारी बाजूंनी समुद्र, मासळीचं जेवण. आपल्या पोरींना ते परकं वाटायचं नाही. पण बेट लहान, माणसं थोडी, आणि घरी यायचं तर आधी बोट, मग विमान. मुलीला एकटं राहणं जमेल का, हे तिलाच विचारा.

तिसरं थायलंड, व्हिएतनामसारख्या देशांचं. तिथे पदवी, इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र आणि इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात. तिथेही गोऱ्या शिक्षकाला आधी पसंती मिळते, हे मुलीला माहीत असू दे. तिची लायकी कमी म्हणून तसं होत नाही, पालकांच्या समजुतीमुळे होतं. पण नोकरी शोधायला वेळ लागतो आणि तो वेळ हिशोबात धरावा लागतो.

इंग्रजी बोलणं वेगळं, शिकवणं वेगळं

आपल्याकडे समज आहे की फाडफाड इंग्रजी बोलली की ती टीचर. तसं नाही. थायलंडच्या वर्गात तीस पोरं समोर बसतील, त्यांना मराठी येत नाही आणि हिला थाई येत नाही. शब्दाचा अर्थ आपल्या भाषेत सांगायची सोयच नाही. हातवारे, चित्र, वस्तू, खेळ यांतून शिकवावं लागतं.

मुलीची तयारी बघायची एक साधी परीक्षा सांगते. तिला म्हणा, बोंबील बांबूवर टांगून कसा सुकवायचा, हे वाडीतल्या चार पोरांना एकही मराठी शब्द न वापरता इंग्रजीतून शिकवून दाखव. पोरांनी नंतर ते इंग्रजीत परत सांगितलं तर समजा, हिच्यात शिक्षक आहे. पोरं नुसती हसली, तर अजून सराव हवा. तो सराव इथेच होतो. ग्रामपंचायतीचा हॉल किंवा समाजमंदिर मागा, संध्याकाळी एक तास वर्ग घ्या, वही ठेवा: कोणत्या तारखेला किती मुलं आली, काय शिकवलं. सहा महिन्यांची ती वही उद्या मुलाखतीत बोलायला कामी येते. आणि वाडीतल्या पोरांचं इंग्रजी सुधारतं ते वेगळंच.

प्रमाणपत्राचं ऐका. परदेशी मुलांना इंग्रजी शिकवण्याच्या कोर्सला टेफल म्हणतात. असे १२० तासांचे कोर्स ऑनलाइन खूप आहेत, स्वस्तातलेही आहेत. केंब्रिजचा सेल्टा हा नावाजलेला कोर्स, पण महाग. तोही सुमारे १२० तासांचाच, पण त्यात ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं आणि परीक्षक मागे बसून बघतात. म्हणून कोर्सला पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारायचे: यात प्रत्यक्ष शिकवणं आहे का? आणि ज्या देशात जायचंय तिथे हे चालतं का?

माझं मत विचाराल तर आधी बी.एड. पदवीनंतर दोन वर्षं लागतात, सीईटी द्यावी लागते. पण ती परदेशातही चालते आणि उद्या मन बदललं तर बोईसर-पालघरच्या शाळेतही चालते. राज्य सरकारने २०२४ मध्ये ठरावीक प्रवर्गांतल्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी माफ केली आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींना शिष्यवृत्तीची सोय आधीपासून आहे. प्रवेश घेताना कॉलेजात हे विचारा, विचारायला लाजू नका. बँकेचं शैक्षणिक कर्जही ४ लाखांपर्यंत तारण न ठेवता मिळतं. शिक्षणाचा मोठा खर्च तिकडून भागवावा, गटाचा पैसा लहान लहान अडचणींसाठी ठेवावा.

कागद आधी, पैसे नंतर

आता मुख्य मुद्दा. हा नीट लक्षात ठेवा आणि गटातल्या सगळ्यांना सांगा.

टुरिस्ट व्हिसावर नोकरी करता येत नाही. "आधी टुरिस्टवर जा, तिथे गेल्यावर बदलून देतो" असं कोणी म्हणालं, तर तिथेच उठायचं. तसं काम करताना सापडली तर दंड, कैद किंवा परत पाठवणी, आणि हे सगळं आपल्या मुलीला भोगावं लागतं, एजंटला नाही. याहून वाईटही झालं आहे. नोकरी म्हणून आपल्या देशातल्या तरुणांना थायलंडला बोलावलं आणि तिथून सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन डांबलं, त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतली. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. ती पोरं अडाणी नव्हती, कॉम्प्युटर शिकलेली होती.

परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटला १९८३ च्या कायद्याप्रमाणे सरकारकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी 'ई-मायग्रेट' या सरकारी वेबसाइटवर आहे. मोबाइलवर पाच मिनिटांत बघता येते. नाव नसेल तर बोलणं बंद. आणि नोंदणीकृत एजंटलाही ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढीच फी घेता येते. १८ टक्क्यांनी जीएसटी धरला तर ३५,४०० रुपये. मग दीड लाख, अडीच लाख कशाचे? संयुक्त अरब अमिरातीच्या, म्हणजे दुबईकडच्या, कायद्याप्रमाणे तर भरतीचा खर्च मालकानेच करायचा असतो.

खरी शाळा मुलाखत घेते, वर्ग घेऊन दाखवायला सांगते. मुलाखत न घेता दोन दिवसांत नेमणुकीचं पत्र आलं तर आनंद मानू नका, शंका घ्या. शाळेचं नाव, पत्ता, फोन शोधा आणि मुलीने स्वतः शाळेला मेल करून विचारावं.

मुलीचे कागद कोणते? पासपोर्ट, साधी फी १,५०० रुपये. दहावी पास असेल तर त्यावर ईसीआरचा शिक्का येत नाही, म्हणून दहावीचं प्रमाणपत्र जोडायचंच. मग पदवीच्या प्रमाणपत्राची पडताळणी: आधी राज्य शासनाकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून. काही देशांना अपोस्टिल नावाचा शिक्का चालतो. त्याची मंत्रालयाची फी कागदामागे ५० रुपये आहे, वर सेवा केंद्राचा थोडा आकार. काही देशांना त्यांच्या वकिलातीचा शिक्का लागतो, तो महाग पडतो. या कामाचे कोणी पंचवीस हजार मागितले तर पावती मागा आणि प्रत्येक आकडा वेगळा लिहून घ्या.

शेवटी करारनामा. पगार कोणत्या चलनात, राहायला जागा कोण देणार, जायचं-यायचं तिकीट कोणाचं, आठवड्याला किती तास, आजारी पडली तर काय, हे लिहिलेलं हवं. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवायचा. पगाराचा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. भाडं, जेवण, फोन, प्रवास वजा करा आणि उरेल त्यावर बोला. सगळ्या कागदांची एक प्रत आईकडे ठेवा. अडचण आली तर तिथल्या भारतीय वकिलातीत जायचं, आणि 'मदद' या सरकारी पोर्टलवर इथून घरच्यांनाही तक्रार नोंदवता येते.

गटाने काय ठरवावं

मावशींनो, गटाचा पैसा म्हणजे कोणाचा? पहाटे पाटी डोक्यावर घेऊन बोईसरच्या बाजारात जाणाऱ्या बाईचा. एका घराचा हप्ता थकला तर बँक पूर्ण गटाचं खातं बघते, पुढचं कर्ज सगळ्यांचंच अडतं. म्हणून मुलीच्या स्वप्नाला नाही म्हणायचं नाही, पण एकरकमी पैसे काढून एजंटच्या हातात द्यायचे नाहीत.

माझी सूचना अशी. कर्ज टप्प्याटप्प्याने द्या.

पहिला टप्पा पासपोर्ट आणि कागदांच्या पडताळणीचा. रक्कम लहान, ती अंतर्गत कर्जातून सहज निघते.

दुसरा टप्पा कोर्स किंवा परीक्षेच्या फीचा. ती रक्कम थेट संस्थेच्या खात्यावर, पावती गटाच्या फाइलला.

तिसरा टप्पा तिकिटाचा. हा फक्त कामाचा व्हिसा आणि सही झालेला करारनामा बैठकीत सगळ्यांनी बघितल्यावर. इंग्रजी वाचता येत नाही म्हणून गप्प बसू नका. मला बोलवा, गावातल्या शिक्षकांना बोलवा, वाचून घ्या. एजंटला रोख काहीही नाही.

परतफेडीचंही बोलून घ्या. मुलगी गेल्यावर पहिले दोन-तीन महिने पैसे येतीलच असं नाही. तिथे घर लावायचं असतं, पहिला पगार उशिरा होतो. तोवर हप्ता आईच्या डोक्यावर. त्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बाजार थंड. म्हणून हप्त्याची तारीख आणि रक्कम ठरवताना मुलीचा पगार धरू नका, आईची कमाई धरा. पगार आला की वाढवून भरा, कोण अडवतंय?

आणि ठरावाच्या वहीत मुलीचीही सही घ्या. निर्णय तिचा आहे, कर्जही तिला माहीत असायला हवं. घरच्यांनी लग्नाचं बघताना किंवा एजंटने फोनवर बोलताना तिच्यासाठी ठरवून टाकायचं, असं नको.

पुढच्या मासिक बैठकीत ज्या गटात अशी मागणी असेल, त्यांनी मुलीला बरोबर आणा. येताना तिने पदवीचं प्रमाणपत्र, दहावीचं प्रमाणपत्र, आणि एजंट असेल तर त्याचं नाव-पत्ता आणावा. ई-मायग्रेटची यादी आपण तिथेच मोबाइलवर उघडून बघू. आणि ज्या मुलींना शिकवण्याची आवड आहे, त्यांनी येत्या सोमवारपासून वाडीत वर्ग सुरू करावा. त्याला व्हिसा लागत नाही.



– क्षेत्र समन्वयक