पेशीचे कालभान



बेगम बाजारात मालाचे पोते शिवण्यापूर्वी काट्यावर चढते. वजन पुरे भरल्याखेरीज सुतळी ओवली जात नाही, मग दाराशी हातगाडीवाला कितीही घाई करीत असो. हैदराबादच्या भट्ट्यांतील नान आणि कुलचे ज्या खमिरामुळे फुगतात, त्या खमिराची एकेक पेशीही अशाच शिस्तीने वागते. वाढ पुरेशी झाल्याखेरीज ती दुभंगत नाही. ही शिस्त तिला कोण लावते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. जीव अगदी क्षुद्र, परंतु त्याच्याविषयीच्या या प्रश्नाचे धागे थेट कर्करोगाच्या चिकित्सेपर्यंत जाऊन पोहोचले आहेत.

'खमीर' हा शब्द अरबीतून फारसी-उर्दूच्या वाटेने दख्खनेत आला. संस्कृतात त्यासाठी 'किण्व' हा शब्द असून कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणी तो आढळतो. म्हणजे मानवाचा या पदार्थाशी परिचय फार जुना. तथापि, खमीर हा असंख्य सजीव पेशींचा समुदाय आहे, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातच, विशेषतः लुई पाश्चर यांच्या प्रयोगांनंतर सर्वमान्य झाली. यीस्टची एक पेशी साधारणतः मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढी असते. पावाच्या यीस्टच्या पेशीला कळी फुटते, ती वाढते आणि मातेपासून विलग होते. दुसरी एक जात दंडगोलासारखी असून ती बरोबर मध्यावर दुभंगते. पूर्व आफ्रिकेतील भरड धान्याच्या मद्यातून पाउल लिंडनर यांनी १८९३ साली ती वेगळी काढली आणि मद्याला स्वाहिली भाषेत जो शब्द आहे, तोच तिला दिला : 'पोम्बे'.

अन्न मुबलक असेल तर पावाच्या यीस्टची पेशी सुमारे दीड तासात दुप्पट होते. अन्न तुटपुंजे असेल तर तिला कितीतरी अधिक काळ लागतो. याचा अर्थ असा, की ती केवळ ठरावीक तास मोजत बसत नाही. विभाजनापूर्वी तिला दोन कामे उरकावी लागतात. एक, स्वतःचे आकारमान वाढविणे. दुसरे, आपल्या गुणसूत्रांची तंतोतंत प्रत तयार करणे. पहिले काम अपुरे राहिले तर पिढीगणिक पेशी खुजी होत जाईल. दुसरे अपुरे राहिले तर एखाद्या कन्यापेशीच्या वाट्याला अपूर्ण वारसा येईल. म्हणून 'केव्हा' हा प्रश्न पेशीच्या दृष्टीने जीवनमरणाचा ठरतो.

या प्रश्नाची पहिली उकल अमेरिकेतील सिएटल येथे लेलंड हार्टवेल यांनी १९७० च्या सुमारास केली. त्यांची युक्ती साधी, पण मोठी मार्मिक होती. ज्यांच्यातील एखादे जनुक थंड हवेत काम करते आणि उष्णतेत निकामी होते, अशा यीस्ट पेशी त्यांनी शोधल्या. तेवीस अंश सेल्सियसला या पेशी नीट वाढत. तापमान छत्तीस अंशांवर नेले, की अडून बसत. ब्रायन रीड या पदवीपूर्व विद्यार्थ्यासह पेशींची छायाचित्रे न्याहाळताना असे ध्यानी आले, की पेशी चक्राच्या कोणत्या टप्प्यावर थांबली, हे कळीच्या आकारावरूनच ओळखता येते. सगळ्या पेशी एकाच आकाराच्या कळीपाशी अडल्या असतील, तर बिघाड त्या टप्प्याचा. अशा रीतीने पेशीचक्राची अनेक जनुके हाती आली. त्यांपैकी अठ्ठाविसाव्या क्रमांकाचे जनुक चक्राच्या उंबरठ्यावर उभे असते. या उंबरठ्याला हार्टवेल यांनी 'स्टार्ट' म्हटले. तो एकदा ओलांडला, की पेशी विभाजनाला वचनबद्ध होते.

याच दशकात स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे पॉल नर्स पोम्बे यीस्टवर काम करीत होते. चक्रात अडलेल्या पेशी शोधता शोधता त्यांना एक विपरीत प्रकार दिसला : काही पेशी अडत नव्हत्या, उलट निम्म्या आकाराच्या असतानाच दुभंगत होत्या. स्कॉटिश बोलीत चिमुकल्याला 'वी' म्हणतात. तेच नाव या पेशींना मिळाले आणि १९७५ साली हा शोध प्रसिद्ध झाला. त्यामागचा तर्क ध्यानात घेण्याजोगा आहे. यंत्राचा भाग मोडला तर यंत्र सहसा मंदावते किंवा बंद पडते. येथे भाग मोडल्याने गती वाढली होती. तेव्हा मोडलेला भाग हा लगाम असला पाहिजे, हे उघड झाले.

अशा सुमारे पन्नास खुज्या वाणांत एक सोडून सगळ्यांचा दोष त्याच एका जनुकात निघाला. तो उरलेला एक वाण हातचा जाणार होता. त्याच्या बशीवर बुरशी चढली होती आणि ती बशी कचऱ्यात टाकलीही गेली होती. नर्स यांनीच पुढे सांगितले आहे, की मनाला रुखरुख लागल्याने त्यांनी परत जाऊन ती बाहेर काढली. त्या वाणातील दोष दुसऱ्याच जनुकात होता. हे जनुक निकामी झाले तर पेशी अडते आणि विशिष्ट रीतीने बदलले तर ती घाई करते. विभाजनाची सूत्रे ज्याच्या हाती आहेत, ते 'सीडीसी-२' हेच. सिएटलचे अठ्ठाविसावे जनुक एडिंबराच्या या जनुकाचे काम करू शकते, हे १९८२ साली सिद्ध झाले.

आता काट्याची रचना पाहता येईल. सीडीसी-२ जनुकाचे प्रथिन कामाला लागले, की पेशी दुभंगते. 'वी-१' नावाचे प्रथिन त्याला फॉस्फेटचा एक कण चिकटवून रोखून धरते. 'सीडीसी-२५' नावाचे प्रथिन तो कण काढून त्याला मोकळे करते. एक पारडे रोखणारे, दुसरे सोडणारे. पेशी वाढते तसा तोल ढळत जातो. परंतु पेशीला स्वतःचे माप कळते कसे? पोम्बे यीस्टमध्ये पेशीचा पृष्ठभाग वाढत जाईल तसे एक प्रथिन तिच्या मध्यभागी साचत जाते आणि वी-१ चा लगाम सैल करते. पावाच्या यीस्टविषयी २०१५ साली अमेरिकेतील संशोधकांनी असे दाखविले, की तेथील रोधक प्रथिनाचे प्रमाण जवळजवळ तेवढेच राहते आणि पेशी फुगत जाईल तसे ते पातळ होते. आमटीत पाणी वाढविले की मिठाची चव उतरते, तसे. हे स्पष्टीकरण सर्वांना मान्य झालेले नाही. वाद चालू आहे.

आकाराखेरीज आणखी एक पहारा असतो. हार्टवेल आणि टेड वाइनर्ट यांनी १९८८ साली क्ष-किरणांनी जखमी झालेल्या यीस्ट पेशींचा अभ्यास प्रसिद्ध केला. निरोगी वाणाच्या पेशी जखम भरून निघेपर्यंत विभाजन रोखून धरीत. 'रॅड-९' हे जनुक नसलेल्या पेशी मात्र थांबत नसत. मोडक्या गुणसूत्रांनिशी दुभंगत आणि मरत. मग याच पेशींना औषध देऊन बळेच थांबविण्यात आले. त्यांच्यातील पुष्कळशा जगल्या! त्यांच्यापाशी दुरुस्तीचे सामर्थ्य होतेच. उणीव होती ती केवळ थांबण्याची.

यीस्टच्या या कथेचा माणसाशी काय संबंध, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर १९८७ साली मिळाले. मानवी जनुकांच्या प्रतींचा जो संग्रह प्रयोगशाळेत करतात, त्याला शास्त्रज्ञ 'ग्रंथालय' म्हणतात. मेलनी ली आणि नर्स यांनी असे एक ग्रंथालय, ज्यांचे सीडीसी-२ बिघडले होते अशा यीस्ट पेशींत सोडले. त्यातला एक 'ग्रंथ' यीस्टला वाचता आला आणि अडलेली पेशी पुन्हा दुभंगू लागली. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वंशाच्या वाटा वेगळ्या झाल्या, तरी या एका पानावरचा मजकूर दोघांतही टिकून राहिला होता.

हार्टवेल, नर्स आणि या प्रथिनांचे सहकारी 'सायक्लिन' शोधणारे टिम हंट यांना २००१ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कर्करोगाची पेशी ही अनेकदा थांबणे विसरलेली पेशी असते. मानवी पेशीच्या उंबरठ्यावरील याच जातीच्या प्रथिनांना रोखणारे 'पाल्बोसायक्लिब' हे औषध २०१५ साली अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या काही प्रकारांसाठी संमत झाले. खमिराच्या बशीपाशी बसलेल्या संशोधकाला १९७० साली या औषधाची कल्पनाही असणे शक्य नव्हते. पेशी थांबते कशी, एवढेच त्याला जाणून घ्यायचे होते.

पेशींच्या अभ्यासाला वाहिलेली सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलेक्युलर बायॉलॉजी ही राष्ट्रीय कीर्तीची संस्था १९७७ पासून याच हैदराबाद शहरात आहे. तेथील प्रयोगशाळा आणि बेगम बाजाराचे पेठेतले जीवन यांच्यातील अंतर मैलांचे कमी, भाषेचे अधिक आहे. ते अंतर मराठीतून तुटावे, पेशी, जनुक, गुणसूत्र हे शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर पडून घरच्या बोलण्यात रुळावेत, हे ग्रंथालयाचेच काम आहे. त्यासाठी लागणारे शब्द मराठीपाशी आहेत. कपाटात विज्ञानाच्या पुस्तकांची एक फळी आणि ती वाचणारा सभासद, एवढेच काय ते मिळवायचे आहे.