तलावाची वही



भंडारा आणि १९९९ साली त्यातून वेगळा झालेला गोंदिया हे तलावांचे जिल्हे होत, हे वाक्य तेथील मुलांना शाळेपासून पाठ असते. परंतु आपल्या गावच्या तलावाचे तुडुम, म्हणजे पाणी सोडण्याचे दार, कोणाच्या सांगण्यावरून उघडते असे विचारल्यास पदवीचा विद्यार्थीही बहुधा निरुत्तर होतो. पर्यावरणाचा अभ्यास सक्तीचा झाला तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नमुना अभ्यासक्रमात शंभरांपैकी पंचवीस गुण क्षेत्रकार्याला होते. वेळ मात्र पन्नास व्याख्यानांपैकी पाचांपुरताच. पाच तासांत नवेगावबांधला नीट प्रदक्षिणाही व्हायची नाही. मग दुसऱ्याचा प्रकल्प उतरवून काढला जातो आणि दोष तेवढा विद्यार्थ्याच्या आळसाला दिला जातो.

वस्तुतः या देशात विद्यार्थ्याच्या वहीला याहून बरे दिवस होते. मद्रास विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक गिल्बर्ट स्लेटर यांनी १९१६ च्या सुमारास आपल्या विद्यार्थ्यांना सुटीत स्वतःच्याच गावांची पाहणी करावयास लावले. त्या पाहण्या १९१८ साली ग्रंथरूपाने आल्या आणि पुढील पिढ्यांनी त्याच गावांची फेरपाहणी केली. पहिली वही नसती, तर गाव किती बदलले हे कशाशी ताडून पाहिले असते?

गोंदियात अशा वहीला विषय शोधत हिंडावे लागत नाही. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने येथे तलाव बांधले. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी घातला असे परंपरा सांगते. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. १९५१ साली मालगुजारी संपली आणि हे तलाव सरकारजमा झाले. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात; मात्र या मामाचे घर नेमके कोणाचे, हा प्रश्न अजून मिटलेला नाही. मालगुजारी गेली हे न्याय्यच झाले. पाळीवर माती टाकणाऱ्या हातांत वेठीचे हात किती होते, हे विसरून जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तथापि मालक गेला आणि त्याच्या जागी गाव आले नाही, खाते आले. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे. पाळ खचली तर कोणी धावायचे, हे कागदावर ठरले. गावात ठरले नाही.

विद्यार्थ्याचे काम येथून सुरू होते. ‘आमच्या गावचा तलाव : एक अभ्यास’ हा विषय नव्हे, हे केवळ शीर्षक झाले. ‘पाटाच्या शेवटच्या बांधीला रोवणीच्या वेळी पाणी का पोचत नाही’ हा प्रश्न होय. तो विद्यार्थ्याने स्वतः शोधला पाहिजे. प्राध्यापकाने वाटून दिलेल्या प्रश्नाचे उत्तरही बहुधा प्राध्यापकाला आवडेल असेच येते. साधने साधीच लागतात : हातहातावर खुणा केलेला बांबू, गाठी मारलेली दोरी, एक डोंगी आणि डोंगी वल्हवणाऱ्या धीवराशी मैत्री. जूनमध्ये, पाणी सर्वांत कमी असताना, ठरलेल्या दहा-बारा ठिकाणी खोली मोजावी आणि त्याच ठिकाणी ऑक्टोबरात पुन्हा मोजावी. गाळ कोठे साचला, हे त्यावरून बरेचसे उमगते. तलाठ्याकडील नकाशा व निस्तारपत्रक हाती घेऊन पाण्याखालची जमीन किती होती आणि तिच्यात आज धान किती लागले आहे, हे पायी फिरून पाहावे. बुडीत क्षेत्रातील अतिक्रमण मोजू लागताच गावातील काही मंडळींचा आवाज चढतो. वही बरोबर जागी पोचल्याची ती खूण समजावी.

माहिती विचारायला प्रथम कोणाच्या घरी जायचे, हेही बिनमहत्त्वाचे नाही. रस्त्यालगतच्या पाटलाच्या ओसरीवर चहा मिळतो आणि पहिल्या बांधीची हकिकतही मिळते. शेवटच्या बांधीची हकिकत तेथे मिळत नाही. ज्यांच्या नावावर बांधीच नाही, त्या धीवरांना तर सिंचनाच्या कोष्टकात रकानाच नसतो. कोणती पाणवनस्पती कोठे उगवते आणि कोणता मासा तिच्या आडोशाने अंडी घालतो, हे ज्ञान त्यांच्यापाशी आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने याच ज्ञानाच्या आधारे धीवरांना बरोबर घेऊन काही तलावांतील बेशरम उपटून स्थानिक वनस्पती पुन्हा लावल्या. उलट, यंत्राने सरसकट खोदून काढलेल्या तलावात पाणी वाढते आणि उथळ काठाबरोबर ही वनस्पतीही जाते. खोदण्यापूर्वी कोणी वही केलेली नसेल, तर काय गेले हे सांगणारा पुरावाच उरत नाही.

विद्यार्थ्याला एक प्रश्न हमखास विचारला जाईल : ‘यातून आम्हाला काय मिळणार?’ खोटे आश्वासन देऊ नये. वहीची एक प्रत गावाला मिळेल, एवढे मात्र सांगता येते आणि ते पाळताही येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनहक्कधारक समाजांना जलाशयातील मासळीवर सामूहिक हक्क दिला आहे. दावा दाखल करताना ग्रामसभेला वापराचा पुरावा लागतो. कोणत्या महिन्यात, कोणत्या काठावर, कोण जाळे टाकते याची तारीखवार नोंद महाविद्यालयाच्या कपाटात पडून राहिल्यास तिचे पंचवीस गुण होतात. तीच नोंद मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून पावसापूर्वी ग्रामसभेत वाचली, तर चुका दुरुस्त करणारे शंभर जण समोर बसलेले असतात, आणि त्यांत पाटाच्या शेवटच्या बांधीवाली बाईही असते.