चित्र फिरलं म्हणून घाबरू नका

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद, जिथून ऐकत असाल तिथून जरा कान द्या. गोल गोल नक्षीचं एक चित्र मोबाईलवर गावोगाव हिंडतंय. खाली लिहिलेलं असतं : चित्र स्थिर दिसलं तर तुमचं मन शांत, गरगर फिरलं तर ताण फार. वर यामामोतो नावाच्या जपानी मेंदूतज्ज्ञाचा हवाला. हे वाचून आमच्या गल्लीतल्या आजीबाईंची झोप उडाली!

साफ खोटं आहे ते. चित्र युक्रेनच्या युरी पेरेपाडिया या कलाकारानं 2016 साली संगणकावर काढलं. युक्ती घेतली जपानचे मानसशास्त्रज्ञ अकियोशी किताओका यांची. 'फिरत्या सापां'चं त्यांचं चित्र 2003 चं. या दोन्ही चित्रांत मनाच्या ताणाची तपासणी कुठलीच नाही.

मग फिरतं कसं? दावणीचा बैल पाहा. खुंट्याला बांधलाय, जागचा हलत नाही. पण माशी बसली की कातडी थरथरते, कान फडफडतो, शेपटी फिरते. आपला डोळाही तसाच. एका जागी रोखला तरी बारीक हिसके देतो, पापणी लवते. 2012 साली संशोधकांनी हे मोजलं, तर चित्र फिरल्याचा भास नेमका या हिसक्यांशी आणि पापणी लवण्याशी जुळला. त्यात रंगांची मांडणी अशी, की ठळक भागाची खबर मेंदूला आधी पोचते, फिक्या भागाची मागून. आधी-मागून आलं की मेंदू म्हणतो, सरकलं! बैलाची कातडी थरथरली तर आपण गुरांच्या डॉक्टरला बोलावतो का? उलट ती थरथरली नाही तर काळजी.

2020 साली प्रयोगात दिसलं, की असा भास फळांवरच्या चिलटांनाही होतो. आता चिलटांना कसला हो ताण?

घरी करून बघा. एका ठिपक्यावर नजर रोखा, फिरणं मंदावेल. नजर हलवा, कडेचं पुन्हा फिरेल. काहींना ते फिरताना दिसतच नाही, त्यांनीही घाबरू नये.

पुन्हा सांगतो, कारण मधेच कुणी चहाला उठलं असेल : चित्र फिरणं हा आजार नाही, ताणाचं मोजमापही नाही. हां, चित्र नसताना घर फिरायला लागलं, एकाचे दोन दिसायला लागले, तर मात्र मोबाईल ठेवा आणि डॉक्टर गाठा. आणि तो संदेश आला असेल तर पुढे ढकलू नका, आत्ताच पुसून टाका.