सशाचे मटण आणि घरची वाटणी

नांदेड-लातूरकडील सामिष घरांत रविवारच्या जेवणाचा हिशेब बहुधा बोकडावर बेतलेला असतो. मुलूखच उस्मानाबादी शेळीचा. माणशी किती मटण आणावयाचे, हे तेथील गृहिणीस तोंडपाठ असते. परंतु घरी ससा आला की हा हिशेब फसतो, आणि त्याचा भार शेवटी जेवणाऱ्या व्यक्तीच्या ताटावर पडतो. ती व्यक्ती कोण, हे सांगावयास नको!

ससा म्हणजे मांसासाठी वाढविलेला पाळीव ससा, न्यूझीलंड व्हाइट किंवा सोव्हिएत चिंचिला यांसारख्या जातीचा. रानातील ससा मारणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अपराध आहे. कुत्री घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्या मंडळींच्या कथा आता कथाच राहाव्यात.

दोन किलो वजनाचा ससा साफ केला म्हणजे हाती सुमारे एक किलो येतो. त्यातून हाडे वजा जातात, आणि शिजताना मांसही आटते. खाण्याजोगे जेमतेम पाच-साडेपाचशे ग्रॅम उरते. आजी-आजोबा, पती-पत्नी आणि तीन मुले अशा सात माणसांच्या घरात माणशी पाऊणशे ग्रॅम! भाकरीबरोबर एवढे पुरे होते. मात्र वाटणी आधी ठरलेली असावयास हवी.

बोकडाच्या मटणात फोडी साधारण सारख्या करता येतात. सशाचे तसे नाही. खरे मांस मागील मांड्यांत आणि पाठीत. पुढील पाय व बरगड्या यांवर ते नावापुरतेच. म्हणून फोडी मोजूनच कराव्यात. मागील दोन पायांच्या चार, पाठीच्या चार, पुढील पायांच्या दोन आणि बरगड्यांच्या चार, अशा चौदा. प्रत्येकास दोन. त्यांपैकी एक मांडीची किंवा पाठीची असलीच पाहिजे. अशा आठ असल्यामुळे हे सहज जमते. सातही वाट्या चुलीजवळच भरून ठेवाव्यात, आणि पहिली भरावी ती वाढणारणीची. पहिल्या पंगतीने मांड्या उचलाव्यात आणि मागे राहिलेल्या बाईने बरगड्या चोखाव्यात, हा प्रकार अद्याप पुष्कळ घरांत चालतो. त्यास रीत म्हणणे कठीण आहे.

हाडे बारीक असल्याने सत्तुराच्या घावाने त्यांच्या किरचा उडतात. सांध्यावर सुरी चालवावी. मुलांच्या वाटीत तर विशेष जपावे.

या मांसात चरबी फार थोडी. मोठ्या आचेवर ते चिवट होते, म्हणून करडईच्या तेलात परतून, झाकण ठेवून मंद आचेवर तासभर शिजवावे. सुके खोबरे आणि शेंगदाण्याचा कूट सढळ हाताने घालावा. रस्सा माणशी एक मोठी वाटी, म्हणजे सुमारे दीड लिटर धरावा. तो वाढविण्यासाठी नुसते पाणी ओतीत जाणे बरे नव्हे. मराठवाड्यातील येसर घरात असतेच; दोन चमचे गार पाण्यात कालवून लावले की रस्सा दाट होतो व चवही टिकते.

ऐन वेळी पाहुणा आलाच, तर भरलेल्या वाट्यांना हात लावू नये. चार अंडी उकडून, अर्धी चिरून रस्स्यात सोडावीत आणि सर्वांच्याच ताटांत एकेक वाढावे.