मुलास पाप केव्हां कळतें?

पाप म्हणजे काय हें मुलास कोणत्या वयीं कळूं लागतें? समज आलेल्यानें वर्षांतून एकदां तरी पापनिवेदन करावें, असें रोमन कॅथॉलिक पंथाच्या लॅटरन धर्मसभेनें १२१५ सालीं ठरविलें. ही समज सुमारें सातव्या वर्षीं येते, असें पोप दहावे पायस यांच्या कारकीर्दींत, १९१० सालीं, जाहीर झालें. सात म्हणजे फार लवकर, असें मला वाटे. त्या वयाचें पोर कबूल होतें तें छडीच्या भयानें. पण एकदां फुटलेल्या कांचेबद्दल मीं भलत्याच मुलास मारलें. दुसऱ्या दिवशीं दुसरीतला एक मुलगा आपण होऊन आला. "गुरुजी, कांच मीं फोडली, मार त्याला बसला." भय तर टळलें होतें, मग त्याला काय सलत होतें? मार खाल्लेल्या मुलाची क्षमा मागण्यास मला मात्र आणखी दोन दिवस लागले.