एक तास शेजारी बसा

मी रिसोडला वकिली करतो. सुटीत कायद्याची मुलं मोफत सल्ल्याच्या कामात मदतीला येतात. त्यांच्यावर लक्ष ठेवायचं मी आपणहून पत्करलं. एकदा एका मुलानं पोटगीसाठी आलेल्या बाईंना उत्पन्नाचा दाखला आणायला तहसीलला पाठवलं. त्यांची दिवसाची मजुरी बुडाली. खरं तर १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२नुसार स्त्रियांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. चूक मुलाची नव्हे, माझी. मी तेव्हा कोर्टात होतो. सनद मिळेपर्यंत या मुलांना वकील म्हणून उभं राहता येत नाही, पण अर्जाचा मसुदा करता येतो. तो तपासायला जाणता माणूस शेजारी हवा. वकीलमित्रांनो, आठवड्यातून एक तास द्या. मुलं शिकतील आणि कुणाचा रोज बुडणार नाही.