तुझ्या गोळीचं नाव सांग गं

परवा काकूचा फोन. चुलतभावाला फिट आली होती. "तुझ्या गोळीचं नाव सांग गं."

मला बीटेकला असताना सकाळी हाताला झटके यायचे, चहाचा कप उडायचा. आई म्हणायची, धांदरट! मग सबमिशनच्या जागरणानंतर मोठी फिट आली. झटक्यांचं मी डॉक्टरांना सांगितलंच नाही. बग रिपोर्टच अर्धवट. कार्बामाझेपिन सुरू झालं. ते मेंदूच्या पेशींचे सोडियम चॅनेल अडवतं. मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या फिट्सना छान चालतं. माझे झटके मात्र वाढले! ईईजी काढल्यावर कळलं, माझी जुवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी. तिच्यात हे औषध उलटू शकतं.

व्हॅल्प्रोएट यावर जबरदस्त, पण गरोदरपणात बाळाला धोका. म्हणून मला लेव्हेटिरासेटाम. ते एसव्हीटूए नावाच्या प्रथिनाला चिकटतं, आणि पेशींमधल्या निरोपांचा भडिमार कमी होतो. सुरुवातीला चिडचिड जाम झाली, रूममेटला विचारा. लहान मुलं क्षणभर हरवल्यासारखी होतात, त्या अ‍ॅब्सेन्स फिट्सना तर तिसरंच औषध, इथोसक्सिमाइड. ते कॅल्शियम चॅनेलवर.

काकूला मी नाव सांगितलं नाही. विचारलं, "सकाळी त्याच्या हातातून काही पडतं का?"

ती गप्पच झाली. मग म्हणाली, "ब्रश."